शहरात डिझेल गाडी चालवताना धुराकडे नको, सायलेन्सरच्या तापमानाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, ३८ हजार किमी झालेली. राहायला कोथरूड. हिंजवडीचं ऑफिस आता आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस मुलीची शाळा, भाजी, आईला दवाखान्यात नेणं, म्हणजे एका वेळी दोन-तीन किलोमीटर. गेल्या सहा महिन्यांत डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा तीनदा लागला. पीयूसी मात्र पहिल्या फटक्यात पास. एक गॅरेजवाला म्हणतोय, फिल्टरच काढून टाकू, कटकट मिटेल. आणि तुम्हाला विचारायचंय की रोजच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतून कमीत कमी घाण बाहेर पडावी म्हणून काय करता येईल.

बावीस वर्षं डिझेलवरच काम करतोय. सुरुवात पंप-नोझलच्या टेस्ट बेंचवर हात काळे करून झाली, आता निम्मा दिवस गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून आकडे बघण्यात जातो. तुमचं लिहिणं वाचून वाटलं ते आधी सांगतो: तुमच्या गाडीत बहुतेक काही बिघाड नाही. ती गारठलीये.

हे कळायला आधी सायलेन्सरमधून काय काय निघतं ते वेगवेगळं धरावं लागेल. कार्बन डायऑक्साइड हा जाळलेल्या डिझेलचा सरळ हिशेब. एक लिटर जळलं की साधारण २.६ ते २.७ किलो. त्याला कुठलाही फिल्टर नाही, कमी जाळणं हाच उपाय. मग काजळी, म्हणजे बारीक कण. आणि नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं. काजळी आणि नॉक्स ही दोन भावंडं एकमेकांशी कायम भांडतात. गावाकडची चूल आठवा. लाकडं ओली, हवा कमी, की धूर आणि काजळी. फुंकणी मारली, जाळ फुलला, की धूर गायब. पण इंजिनाच्या आत जाळ जितका प्रखर, तितका हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि नॉक्स वाढतो. तो दाबायला ईजीआर व्हॉल्व्हमधून जळका वायू परत इंजिनात सोडावा, तर जाळ मंदावतो आणि काजळी वाढते. म्हणून मग इंजिनात तडजोड करायची आणि उरलेली घाण सायलेन्सरच्या वाटेवर पकडायची, असा मार्ग निघाला. आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग काजळी अडवणारा डीपीएफ, आणि नॉक्ससाठी एससीआर (युरियाचं पाणी फवारून नॉक्स मोडणारा) किंवा एलएनटी (नॉक्स साठवून मग मोडणारा). डिझेलच्या झाकणाशेजारी किंवा बॉनेटखाली निळं झाकण असेल तर तुमच्या गाडीत एससीआर आहे आणि तिला डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, लागतं. निळं झाकण कुठेच नसेल तर बहुधा एलएनटी.

आता पीयूसी. डिझेल गाडी उभ्या जागी फुल रेस करून धुरातून प्रकाशाचा झोत पाठवतात आणि किती प्रकाश अडला ते मोजतात, एवढीच ती परीक्षा. प्रकाश अडल्याच्या त्या आकड्याची मर्यादा जुन्या डिझेल गाड्यांना २.४५, बीएस-४ला १.६२. डीपीएफ शाबूत असलेली तुमची गाडी शून्याच्या आसपासच राहणार, त्यात नवल नाही. पण नॉक्स त्यात मोजतच नाहीत. म्हणजे तुमचं सर्टिफिकेट फार तर एवढंच सांगतं, की गाडी काळा धूर ओकत नाही. पोरगं नापास होण्याइतकं मठ्ठ नाही, यापलीकडे त्या कागदाला अर्थ नाही.

प्रयोगशाळा आणि रस्ता यांतला फरकही तुमच्या घराजवळच बघायला मिळतो. तुम्ही कोथरूडचे, म्हणजे वेताळ टेकडीवरची एआरएआय माहीत असणारच. १९६६पासूनची, गाड्या तपासणारी संस्था. गाड्यांना सर्टिफिकेट देताना गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चक्रात पळवतात. आपल्याकडच्या चक्रात सर्वोच्च वेग ९० किमी, आणि वेग वाढतो-घटतो तोही अगदी शिस्तीत. बीएस-६नं २०२०च्या एप्रिलपासून साध्या डिझेल कारची नॉक्सची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८०वर आणली, कणांची २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर. झेप मोठीच आहे, बीएस-५ वगळून मारलेली. पण ही परीक्षा रोलरवरची. युरोपात हाच धडा आधी मिळाला होता: २०१४मध्ये आयसीसीटी या संस्थेनं युरोप-अमेरिकेतल्या १५ नव्या डिझेल गाड्यांची रस्त्यावरची मोजणी तपासली, तर नॉक्स सरासरी युरोपातल्या मर्यादेच्या सात पट निघाला. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगननं चाचणीपुरतं प्रदूषण लपवल्याचं प्रकरण अमेरिकेत फुटलं, तेही गाडीच्या डिकीत मोजणी यंत्र टाकून रस्त्यावर फिरवल्यामुळेच. आपल्याकडे रस्त्यावरची चाचणी बंधनकारक झाली ती एप्रिल २०२३पासून. तुमची २०२१ची गाडी त्याआधीच्या टप्प्यातली. म्हणजे ती वाईट आहे असं नाही, पण रस्त्यावर ती कशी वागते हे बरंचसं चालवणाऱ्याच्या हातात आहे.

आणि मुद्दा येतो तापमानावर.

कन्व्हर्टर, एससीआर, एलएनटी ही सगळी रसायनाची कामं. साधारण २०० अंशांच्या खाली ती झोपलेली असतात. एससीआरवर पुरेशी उष्णता नसेल तर संगणक डीईएफचा फवाराच मारत नाही, कारण थंड पाइपात युरियाचे खडे साचतात. डीपीएफमधली काजळी जाळायला तर याहून बरंच जास्त लागतं. हायवेवर ती २५० ते ४०० अंशांत हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढं न जमलं तर गाडी स्वतःहून जादा डिझेल फवारून फिल्टर ६०० अंशांच्या घरात नेते. यालाच आम्ही रीजन म्हणतो. डिझेल इंजिन मुळात काटकसरी, उष्णता फार वाया घालवत नाही, म्हणून ते तापतही सावकाश. रिकाम्या गिअरमध्ये उभ्या गाडीच्या पाइपातून निघणारा वायू १००-१५० अंशांचाच असतो. शाळेचे दोन किलोमीटर जाईपर्यंत इंजिनाचं पाणी कोमट होतं, आणि तुम्ही चावी फिरवता. परतताना पुन्हा तेच. म्हणजे दिवसात चार-पाच वेळा गाडी सुरू झाली, पण घाण पकडणारी यंत्रणा एकदाही जागी झाली नाही. काजळी फिल्टरमध्ये साचत गेली, नॉक्स सरळ बाहेर. दर दोनेक महिन्यांनी दिवा लागतो तो याचा.

म्हणून पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटेल: दोन किलोमीटरसाठी ही गाडी काढूच नका. शाळेला स्कूटर काढा, किंवा चालत सोडा. आईंचा दवाखाना डेक्कनकडे असेल तर वनाजहून मेट्रो आहेच, त्यांना जिना-लिफ्टचं झेपत असेल तर. ते शक्य नसेल त्या दिवशी कामं एकत्र बांधा: शाळा, मग तिथूनच भाजी, मग दवाखाना. तीन थंड सुरुवातींऐवजी एक, आणि पुढची दोन्ही कामं गरम इंजिनावर. किलोमीटर तेवढेच, घाण बरीच कमी. या एका बदलाएवढा फरक पुढच्या कुठल्याच सल्ल्यानं पडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी गाडी 'तापवत' ठेवण्याची सवय आपल्याकडे जबरदस्त आहे. माझ्याकडे एक काका यायचे, रोज सकाळी सोसायटीत गाडी सुरू करून देवपूजा उरकायचे. दहा-बारा मिनिटं. 'इंजिनाला ऑइल नीट पोचलं पाहिजे.' अहो, ऑइलचं प्रेशर दोन-चार सेकंदांत तयार होतं. उभ्या गाडीवर इंजिन तापत नाही, नुसतं डिझेल जळतं आणि काजळी होते. सुरू करा, बेल्ट लावा, आरसा बघा, निघा. पहिली चार-पाच किलोमीटर मात्र हळुवार, फार रेस नको. चालत्या गाडीत इंजिन दुप्पट वेगानं तापतं. पुण्याच्या डिसेंबरच्या थंडीतही यापेक्षा वेगळं काही करायची गरज नाही.

सिग्नलचं मात्र उलटं. तिथं थंड होऊ द्यायचं नसेल तर इंजिन चालू ठेवावं, असं वाटणं साहजिक आहे. पण उभ्या गाडीचा कोमट वायू तापलेल्या कन्व्हर्टरमधून वाहत राहतो आणि त्याची उष्णता उपसून नेतो. इंजिन बंद केलं तर डबा आपली उष्णता बराच वेळ धरून ठेवतो, झाकण लावलेल्या पातेल्यासारखा. तेव्हा अर्ध्या मिनिटाहून लांब सिग्नल असेल तर बंद करा. नळ स्टॉपला किंवा भूमकर चौकात तर बिनदिक्कत. दिल्लीत २०२०मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' म्हणून मोहीमच काढली होती. एसी लावून उभी डिझेल गाडी तासाला अर्धा ते एक लिटर पिते. रोज वीस मिनिटं उभं राहणं धरलं, वर्षाचे ३०० दिवस, तर शंभर तास झाले. पन्नास ते शंभर लिटर डिझेल जागच्या जागी. गाडीत ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर ते बटण दाबून बंद करायची सवय असेल ती मोडा. लगेच बंद केल्यानं टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, खराब होईल अशी भीती बाळगू नका. शहरात रखडत आलेल्या गाडीचा टर्बो गारच असतो. खंबाटकी चढून लगेच चहाला थांबलात, तर मिनिटभर थांबून बंद करा, एवढंच.

एक अपवाद लक्षात ठेवा. रीजन चालू असताना इंजिन बंद करू नका. ते कसं ओळखायचं? बऱ्याच गाड्या काही सांगत नाहीत, कानानंच ओळखावं लागतं. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीच्या आठशेऐवजी नऊशे-हजारवर बसतो. पुढचा पंखा घोंघावत राहतो, घरी पोचून बंद केल्यावरही. स्टार्ट-स्टॉप आपणहून बंद पडतं, मीटरमधलं अ‍ॅव्हरेज अचानक ढासळतं, आणि खाली उतरल्यावर तापलेल्या लोखंडाचा वास येतो. असं दिसलं तर घराच्या गेटवरून पुढे जा. चांदणी चौकातून बायपासला लागा आणि पंधरा-वीस मिनिटं चालवून या. अर्धवट सोडलेलं रीजन हे न झालेल्या रीजनपेक्षा वाईट. त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि त्या वेळी वाळल्या गवतावर गाडी लावू नका. खालचा डबा खरंच पेटवण्याइतका गरम असतो.

चालवण्याबद्दल. पुण्यात एक जमात आहे, मीही तिच्यातलाच होतो, अ‍ॅव्हरेजसाठी ताशी तीसला चौथा गिअर टाकणारी. इंजिन गुरगुरतं, गाडी हलत नाही, मग पाय पूर्ण दाबायचा. बाराशे आरपीएमला टर्बो अजून फुगलेलाच नसतो, हवा कमी आणि डिझेल भरपूर: ओल्या लाकडाची चूल. काजळी यातूनच होते. डिझेलला शहरात पंधराशे ते बावीसशेच्या मध्ये ठेवा, चढावर एक गिअर खाली घ्या, आणि पाय हळूहळू दाबा. उलट सिग्नल सुटल्या सुटल्या फुल रेस मारून पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबणं, याचा परिणाम नॉक्सवर. जोरात पिकअप घेताना इंजिनात जाळ भडकतो आणि डीईएफचा फवारा त्या झटक्याला पुरा पडत नाही. पुढच्या तीन गाड्यांच्या पलीकडे बघत चालवणारा माणूस कमी धूर काढतो, त्यासाठी त्याला प्रदूषणाबद्दल काही वाटायची गरज नाही. उतारावर गिअरमध्येच पाय काढा. इंजिन डिझेल घेणं पूर्ण बंद करतं. कात्रजच्या उतारावर न्यूट्रल टाकून 'डिझेल वाचवणारे' दोन्हीकडून फसतात, डिझेलही जळतं आणि ब्रेकही तापतात.

टायरची हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, छतावरचा रिकामा कॅरिअर काढा. ही गोष्ट सगळेच सांगतात आणि ती खरी आहे.

आता तुमचा दिवा. सवयी बदलूनही तो येत राहिला तर फिल्टरवर खापर फोडण्याआधी एक किस्सा ऐका. बाणेरच्या एका गिऱ्हाइकाची गाडी, तुमच्याच वयाची. रोज बायपासनं बावीस किलोमीटर जायचे, तरी दर तीन आठवड्यांनी दिवा. एका ठिकाणी त्यांना नवीन डीपीएफचं कोटेशन मिळालं होतं, लाखाच्या वर. माझ्याकडे आल्यावर मी स्कॅनर लावून शेजारी बसलो आणि पाषाणपर्यंत चक्कर मारली. काजळीचा आकडा बघण्याआधी पाण्याच्या तापमानाकडे लक्ष गेलं: वीस मिनिटं चालवून ६४ अंश. उतारावर ५९. गाडीला नव्वदच्या आसपास असायला हवं. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना सुरू केली आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नीट असेल तर ती होज बराच वेळ गार राहते आणि मग एकदम गरम होते. इथं पहिल्या मिनिटापासून कोमट व्हायला लागली. थर्मोस्टॅट उघड्या अवस्थेत अडकला होता. इंजिन कधी पूर्ण तापतच नव्हतं, म्हणून संगणक रीजनला परवानगीच देत नव्हता. पार्ट, कूलंट आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत काम झालं. त्याच आठवड्यात गाडीनं स्वतःहून रीजन पूर्ण केलं, डीपीएफला कुणी हातही लावला नाही.

तेव्हा गॅरेजमध्ये गेल्यावर असं सांगा: आधी पाण्याचं तापमान चालत्या गाडीत बघा, मग डीपीएफच्या दोन बाजूंच्या प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या तडकल्यात का बघा, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजच्या क्लिपपाशी तेलकट डाग आहे का बघा. फाटक्या होजमधून हवा गळली की इंजिनाला हवा कमी पडते आणि काजळी बरीच वाढते. ईजीआर चिकटलाय का, इंजेक्टरची गळती किती, हे त्यानंतर. शहरात रखडलेल्या गाडीचा ईजीआर उघडला की आत काजळीचा आणि ऑइलच्या वाफेचा लपका असतो, बोटानं ओढला तर डोळ्यात घालायच्या काजळासारखा निघतो. तो साफ करतात. पत्रा मारून बंद करत नाहीत. 'ईजीआर ब्लँक करून देतो, पिकअप बघा' म्हणणारे भेटतील. पिकअप थोडा वाटतोही, आणि नॉक्स मोकाट सुटतो. पीयूसीला ते कळत नाही, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो.

आणि तो फिल्टर काढण्याचा सल्ला. ते नेमकं काय करतात सांगतो: डबा खोलून आतली सिरॅमिकची जाळी पहारीनं फोडतात, रिकामा डबा पुन्हा वेल्ड करून बसवतात आणि ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकात, सॉफ्टवेअर मारून दिवा बंद करतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढे गाडी जे सोडते ते शाळेच्या गेटवर बापाचा हात धरून उभ्या पोराच्या नाकाच्या उंचीवर. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध. कायद्यानंही हा गुन्हा आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आज पकडले जात नाहीत ही गोष्ट खरी. पण बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीनं २०२२-२३मध्ये धुराचा झोत मोजणं पुरेसं नाही म्हणून कण मोजणारी यंत्रं आणली, आणि अशी यंत्रं आपल्याकडे यायला फार वेळ लागणार नाही असं मला वाटतं. घरी करायची एक साधी परीक्षा आहे. थंड गाडीच्या टेलपाइपमध्ये पांढरं फडकं घालून फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचं फडकं राखाडी धुळीनं फार तर मळतं. कोळशासारखं काळं झालं, तर जाळी तडकलीये किंवा आधीच कुणीतरी काढलीये. सेकंडहँड डिझेल घेणाऱ्यांनी तर मीटर बघण्याआधी हे करावं.

ऑइल. इथं बहुतेक जण चुकतात. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइलच लागतं. मॅन्युअलमध्ये एसीईए सी२ किंवा सी३ असं काहीतरी लिहिलेलं असेल, डब्यावर तेच वाचून घ्या. ट्रकचं 'चांगलं जाड' ऑइल घातलं की त्यातले धातूंचे क्षार जळून राख होते, आणि राख रीजननं जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. तुमच्या वापरात कंपनीच्या सांगण्याच्या निम्म्या अंतरावर ऑइल बदला. वर म्हटलं तसं डिझेल त्यात उतरत असणार. पूजावाल्या काकांच्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, मी काढली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, पातळ ताकासारखं टपटपत होतं, आणि वास सरळ पंपावरचा. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला, मध्ये काळा ठिपका आणि भोवती पिवळसर ओल पसरत गेली. त्यांना वाटत होतं, 'गाडी ऑइल खात नाही, वाढवते, म्हणजे चांगलीच की!'

डीईएफ लागत असेल तर बंद डबाच घ्या, आयएसओ २२२४१ छापलेला. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. शेतातला युरिया पाण्यात कालवून घालणारे महाभाग मी बघितलेत. नोझलवर पांढरे खडे चढतात आणि हजारोंचा पंप जातो. उन्हात पडलेला डबा घेऊ नका, उष्णतेनं ते खराब होतं.

डिझेल वर्दळीच्या एकाच पंपावर भरा. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपुरतंच असतं, बीएस-३च्या काळात साडेतीनशे होतं; हे स्वच्छ डिझेल आलं नसतं तर ही फिल्टरं आपल्याकडे टिकलीच नसती. म्हणून रस्त्याकडेला टँकरमधून 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका. भेसळीचा धंदा आपल्याकडे किती खोल आहे ते २०११मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या आणि 'इंजिन डीकार्बनायझेशन'ची पॅकेजं याबद्दल मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो, आधी आणि नंतरचा स्कॅनरचा आकडा दाखवला का? अजून कुणी हो म्हणालेलं नाही.

शेवटी तुमचं वेळापत्रक. ऑफिसच्या दिवशी चांदणी चौकातून बायपासनं जाता, ते उत्तम, पण त्यातला निम्मा वेळ वाकडच्या गर्दीत जातो, म्हणून त्यावर विसंबू नका. दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला निघा. पहिले पाच किलोमीटर हळू, मग वारजे-नऱ्ह्याकडून कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड-शिवापूरकडे, ताशी साठ-सत्तर, आरपीएम दोन हजारच्या जवळ ठेवून, गरज पडली तर एक गिअर खाली. टोलनाक्याच्या अलीकडे मिसळ खा, आणि तसेच परत या. डीपीएफचा दिवा नुसता स्थिर पेटला असेल तर हीच फेरी त्याच दिवशी करा. दिवा लुकलुकत असेल, किंवा सोबत इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडी ओढत नसेल, तर फेरी नको, आधी स्कॅनर. फोर्स्ड रीजन, म्हणजे स्कॅनर लावून मुद्दाम करवलेलं, उभ्या गाडीवर करतात ते तेव्हाच, दर सर्व्हिसिंगला हौसेनं नाही.

आणि पहिल्या फेरीला निघायच्या आदल्या रात्री, गाडी सपाट जागी आणि थंड असताना, डिपस्टिक काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल तर खुशाल जा. वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर मिसळ पुढच्या रविवारी. आधी ऑइल बदलून घ्या, कारण पातळ ऑइलवर वीस किलोमीटर दामटलेल्या टर्बोचं बिल डीपीएफच्या खालोखाल येतं.